शिंगं मोडून वासरात: मोठेपणी मुलांची पुस्तकं वाचण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला ऑफिसात, लग्नकार्यात, लोकलमध्ये, पुस्तकाच्या दुकानात आणि सगळ्यात जास्त आमच्याच घरात विचारले जातात. दरवेळी तेच ते सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकतेय. क्रम वगैरे काही लावलेला नाही, जसे आठवले तसे घेतलेत.

प्र. मोठ्या माणसाने मुलांची पुस्तकं वाचणं नॉर्मल आहे का?

हो. पुढे चला.

प्र. पण वय वाढलं की आवड बदलायला नको का?

आवडीत भर पडते हो, जुनी काढून टाकली तरच नवीन मावेल असं थोडीच आहे. मी ऑफिसचे टेंडरचे कागद वाचते, सासऱ्यांचे रिपोर्ट वाचते, सोसायटीच्या मीटिंगचं इतिवृत्तसुद्धा वाचते आणि त्यातल्या चुका काढते (सेक्रेटरी मला बघून जिना बदलतो). कादंबऱ्या, आत्मचरित्रं सगळं चालू असतं. त्यातच एखादं बत्तीस पानांचं चित्रांचं पुस्तक असलं की लोकांना तेवढंच दिसतं. हातात शेअर मार्केटचं पुस्तक असेल तर कोणी विचारत नाही की बाई तुमचं वय काय आणि हे काय.

प्र. लोकलमध्ये वाचायची लाज वाटते. कव्हरवर मोठ्ठं माकड आहे.

वर्तमानपत्राचं कव्हर घाला, आपल्याकडे पोथीपासून गाईडपर्यंत सगळ्याला घालतातच. आणि ही लाज फक्त आपल्याकडची नाही बरं का. हॅरी पॉटर इंग्लंडमध्ये आला आणि मोठी माणसंही तो वाचायला लागली, तेव्हा ब्लूम्सबरी या प्रकाशकानं 1998 मध्ये त्याच पहिल्या पुस्तकाची खास मोठ्यांसाठी वेगळ्या कव्हरची आवृत्ती काढली. आत अक्षर न अक्षर तेच, फक्त बाहेर रंगीत चित्राऐवजी ट्रेनचा गंभीर ब्लॅक अँड व्हाइट फोटो. म्हणजे प्रकाशकाला नीट कळलं होतं की माणसाला पुस्तक वाचायची लाज नाहीये, वाचताना दिसायची आहे. धंदेवाईक डोकं म्हणा पण बरोबर चाललं.

मला विचाराल तर माकड दिसू दे. माकडवालं पुस्तक उघडं धरून बसलं की शेजारची बाई दोन स्टेशनं तिरक्या नजरेनं बघते आणि तिसऱ्याला विचारते, कुठे मिळालं हो हे? कादंबरी हातात असताना असं कधी झालेलं नाही. त्या माकडामुळे माझ्या दोन मैत्रिणी झाल्यात, एक अंबरनाथला राहते.

प्र. हा सगळा नॉस्टॅल्जिया आहे, दुसरं काही नाही. मान्य करा.

अर्धं मान्य. बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. जुना अंक सापडला, मामाचं घर आठवलं, मे महिना आठवला वगैरे. जुन्या कागदाच्या वासाबद्दल मी काही बोलणार नाही, त्यावर सगळ्यांनी लिहून झालंय.

पण नॉस्टॅल्जिया फार लवकर संपतो हो. पहिल्या दहा पानांत सगळं आठवून होतं आणि मग पुढे वाचायचं तर पुस्तकात दम लागतो. म्हणूनच आपण लहानपणची नव्वद टक्के पुस्तकं परत घेतली तरी अर्ध्यात ठेवून देतो आणि काही थोडीच शेवटपर्यंत वाचतो. ती शेवटपर्यंत का वाचली जातात हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर आपल्या आठवणीत नाही, पुस्तकात असतं.

'श्यामची आई'च घ्या. साने गुरुजींनी हे नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी 1933 मध्ये पाच दिवसांत लिहिलं, छापून आलं 1935 ला. लहानपणी मला त्यातलं काय लक्षात राहिलं होतं तर पोहायला जायचं टाळणारा आणि त्यासाठी आईचा मार खाणारा श्याम, आणि पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनालाही जप म्हणणारी आई. म्हणजे संस्कार संस्कार. शाळेत भाषणाला उपयोगी.

मग होम लोन चालू असताना परत वाचलं. तेव्हा जाणवलं की हे पुस्तक निदान अर्धं तरी कर्जाबद्दल आहे! कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक असं एका प्रकरणाचं चक्क नावच आहे. एक खातंपितं घर हळूहळू कसं खाली येतं, वडिलांचा हट्ट, भाऊबंदकी, सावकाराचा वसुलीचा माणूस दारात येऊन नको ते बोलून जातो आणि घरातली बाई ते ऐकते. लहानपणी ही पानं मी वाचली होती, नक्की वाचली होती, पण डोळ्याखालून नुसती गेली असणार कारण तेव्हा हप्ता म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. आता त्या वसुलीवाल्या पानावर पोटात गोळा येतो. याला नॉस्टॅल्जिया कसं म्हणायचं, हे तर मला लहानपणी दिसलंच नव्हतं.

आणि दुसरं म्हणजे नुसता नॉस्टॅल्जिया असता तर मला गेल्या वर्षी आलेली पुस्तकं आवडायला नको होती. आवडतात.

प्र. 'श्यामची आई' वाचून रडू येतं, आणि थोडा रागही येतो. असं होतं का?

होतं. आईनं इतकं सोसायचं आणि त्याचं इतकं कौतुक करायचं हे आज खटकतंच, खटकायलाच पाहिजे. दोन्ही एकदम होऊ द्या.

कोणती आवृत्ती घेऊ असंही विचारतात. साने गुरुजी 1950 ला गेले, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे 2011 पासून हे पुस्तक कोणीही छापू शकतं आणि छापतात. दुकानात पाच वेगवेगळी कव्हरं दिसतील. घेण्याआधी उघडून बघा, अक्षर बारीक नाही ना आणि संक्षिप्त नाही ना. संक्षिप्तमध्ये काय गाळलंय याचा भरवसा नाही, आणि कर्जाबिर्जाचा भाग मुलांना बोअर होईल म्हणून कापला तर मग राहिलं काय.

प्र. चांगले लेखक मुलांसाठी लिहितात का? की ज्यांना मोठ्यांसाठी जमत नाही ते इकडे येतात?

हा प्रश्न एका प्राध्यापकांनी विचारला होता म्हणून जरा सविस्तर उत्तर देते.

जी. ए. कुलकर्णी. ज्यांच्या कथा वाचून माणूस दोन दिवस गप्प बसतो ते जी. ए. त्यांनी मुलांसाठी 'बखर बिम्मची' आणि 'मुग्धाची रंगीत गोष्ट' लिहिलंय. ज्ञानपीठवाले विंदा करंदीकर, त्यांनी 'राणीची बाग' लिहिली, 'एटू लोकांचा देश' लिहिला, पिशी मावशी आणि तिची भुतावळ उभी केली. पु. लं.नी मुलांचं नाटक लिहिलं, 'वयं मोठं खोटम्', नावातच या सगळ्या पानाचं उत्तर आहे खरं तर. तेंडुलकरांनी, म्हणजे 'सखाराम बाइंडर'वाल्या तेंडुलकरांनी, 'राजाराणीला घाम हवा' लिहिलं. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांनी आमच्या पिढीची झोप घालवली आणि त्यांनीच 'अलबत्या गलबत्या' आणि 'निम्मा शिम्मा राक्षस'ही दिलं. 2018 मध्ये 'अलबत्या गलबत्या' परत आलं, वैभव मांगले चेटकीण, तेव्हा थिएटरात मुलांना मांडीवर घेऊन बसलेले बाप मुलांपेक्षा जोरात ओरडत होते.

माझं म्हणणं इतकंच आहे की मुलांसाठी लिहिताना फापटपसारा चालत नाही. मोठा वाचक भिडेखातर पन्नास पानं ओढतो, बक्षीस मिळालंय म्हणजे पुढे काहीतरी असेल म्हणतो. पोरगं तिसऱ्या पानावर पुस्तक ठेवून सायकल काढतं. त्यामुळे जे या परीक्षेत पास झालेत त्यांची वाक्यं बघा एकदा, किती मोजकी असतात. मी ऑफिसात ईमेल लिहायला 'फास्टर फेणे'वाल्या भा. रा. भागवतांकडून शिकले असं म्हटलं तर साहेबांना पटणार नाही पण ते खरं आहे.

प्र. फास्टर फेणे आता वाचला तर आवडेल का?

आवडेल, पण घाई करू नका, एका बैठकीत चार वाचू नका. सगळे एकदम वाचले की युक्त्या दिसायला लागतात.

ज्यांना माहीतच नाही (असतात, मुंबईत खूप असतात) त्यांच्यासाठी: बनेश फेणे, गाव फुरसुंगी, शिकायला पुण्यात विद्याभवनमध्ये, अंगानं काटकुळा, सायकल जोरात, आणि तोंडानं ट्टॉक्. गोष्टी लिहिणारे भा. रा. भागवत (1910 ते 2001) स्वतःच गोष्टीत येऊन बसतात, बन्या त्यांना येऊन भेटतो, त्यामुळे हा मुलगा खरोखरच पुण्यात कुठेतरी राहतो असं आम्हाला वाटायचं. पुस्तकं वीसेक आहेत, पुण्याच्या उत्कर्ष प्रकाशनाची. 'प्रतापगडावर फास्टर फेणे'पासून सुरू करा किंवा 'चिंकू चिंपांझी आणि फास्टर फेणे', वरचं कव्हरवरचं माकड म्हणजे हेच प्रकरण आहे.

मोठेपणी त्यात वेगळी मजा कसली, तर त्यातलं पुणं आणि तो सगळा काळ. सायकलींचा जमाना. मोबाइल नाही, निरोप पाठवायचा म्हणजे कोणीतरी पळायचं. माझ्या भाच्यानं वाचताना विचारलं, हा फोन का नाही करत? मी म्हटलं वाच पुढे.

आणि 2017 च्या सिनेमात अमेय वाघ फेणे झाला ना, तो मेडिकलच्या परीक्षेला आलेला मोठा मुलगा दाखवलाय. अनेक जण चिडले की आमचा बन्या लहान का नाही ठेवला. अहो पण तिकीट काढणारे आपण सगळे मोठे झालो होतो, म्हणून त्यांनी हिरोलाही मोठं केलं. निर्मात्याचा हिशेब बरोबर होता. त्यात दिलीप प्रभावळकर भागवतांच्या भूमिकेत आहेत, तेवढ्यासाठी तरी बघा.

प्र. 'चांदोबा' कुठे मिळेल?

नवीन मिळणार नाही, बंद पडला. 1947 मध्ये मद्रासला तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेलं हे मासिक मराठीत 1952 पासून यायला लागलं, 2007 च्या सुमाराला एका कंपनीनं विकत घेतलं, आणि नंतर काही वर्षांत कारभार आटोपला. जुने अंक रद्दीवाल्याकडे, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आणि ज्यांच्या घरी माळा आहे अशा नातेवाइकांकडे मिळतात. शेवटचा सोर्स सगळ्यात चांगला, फक्त माळा साफ करून द्यायची तयारी पाहिजे.

मिळाला तर आधी विक्रम-वेताळाचं पान काढा आणि गोष्ट न वाचता वरचं चित्र बघा. राजाच्या एका हातात तलवार, खांद्यावर प्रेत आडवं टाकलेलं, आजूबाजूला स्मशान. ते चित्र काढणारे शंकर म्हणजे के. सी. शिवशंकरन, 1952 पासून चांदोबात होते आणि 2020 मध्ये नव्वदी ओलांडून गेले. लहानपणी मी फक्त प्रेत बघायची, आता राजाची चाल बघते. घाबरलेला नाही आणि शूरबीरपण नाही, नेहमीच्या कामाला निघालेला माणूस जसा चालतो तसा चालतोय. महिन्याच्या महिन्याला तेच काम, बोलला की प्रेत उडून परत झाडावर, की हा परत निघाला. नोकरी करणाऱ्या माणसाला हे चित्र जितकं कळतं तितकं पाचवीतल्या मुलाला कळणं शक्यच नाही.

बरं, मूळ वेताळपंचविशीत गोष्टी पंचवीसच. चांदोबावाल्यांनी त्याच चौकटीत नवनव्या गोष्टी रचून कित्येक दशकं ते सदर चालवलं. तरी शेवटचा प्रश्न दरवेळी खरा प्रश्न असायचा, कोणाचं बरोबर असं पटकन सांगता यायचं नाही. जुना अंक मिळाला की मी आणि नवरा राजाचं उत्तर झाकून ठेवतो आणि भांडतो. टीव्हीपेक्षा बरं.

प्र. 'किशोर'चे जुने अंक हवेत.

हे सोपं आहे आणि फुकट आहे. बालभारतीनं 'किशोर' हे मुलांचं मासिक नोव्हेंबर 1971 मध्ये दिवाळी अंकानं सुरू केलं, वसंत शिरवाडकर पहिले संपादक, आणि जुने सगळे अंक त्यांनी स्कॅन करून ऑनलाइन ठेवलेत. किशोरच्या साइटवर जा, वर्ष निवडा, महिना निवडा, वाचा. सरकारी साइट असूनही चालते.

एक धोक्याची सूचना. आपल्या जन्माच्या महिन्याचा अंक काढायचा मोह होणार, मग नवऱ्याच्या जन्माचा, मग पाचवीत असतानाचा, आणि रात्रीचा दीड वाजणार. सकाळी डबा करायचा असेल तर शनिवारीच उघडा.

चित्रं आणि जाहिराती सोडू नका, दोन्हीतून तो काळ दिसतो. आणि लेखकांच्या नावांची यादी बघा, मोठ्यांच्या दिवाळी अंकात जे लिहायचे तेच इथेही लिहायचे, भाषा वेगळी करून पण दर्जा तोच ठेवून. नवीन अंकही अजून दर महिन्याला येतो आणि किंमत बघून वाटतं छपाईचे पैसे तरी निघतात का.

प्र. लहानपणी जीव होता त्या पुस्तकावर, आता वाचलं तर फालतू निघालं. काय करू?

काही नाही करायचं. काही पुस्तकं टिकत नाहीत.

जरा स्पष्टच बोलते. आपल्या जुन्या बालसाहित्यात खूप काही आहे जे आज वाचवत नाही. साहसं मुलांनी करायची आणि मुलींनी डबा भरून द्यायचा. काळा, जाडा किंवा तोतरा माणूस दिसला की एक तर तो चोर नाहीतर हसायला. जंगलात राहणारे लोक म्हणजे रानटी. नोकराला अरे-तुरे, आणि तोही म्हातारा. मास्तरांनी छडी मारली की गंमत. आडनावं काढून बघा, एकाच पेठेतली सगळी. पानंच्या पानं वाचून होतात आणि बाकीचा महाराष्ट्र आलेलाच नसतो. हे लहानपणी दिसलं नाही कारण आम्ही त्याच पेठेतले होतो, ज्यांना दिसलं त्यांना तेव्हाच दिसलं असणार, त्यांना कोणी विचारलं नाही.

म्हणून जाळून टाका असं मी म्हणत नाहीये. पण आमच्या वेळचं बालसाहित्य म्हणजे सोनं आणि आताची मुलं काही वाचतच नाहीत हे रडगाणं जे चालतं ना, त्यातल्या किती जणांनी ते सोनं हल्ली उघडून बघितलंय हे विचारावंसं वाटतं.

प्र. मग नवीन काय वाचू?

माधुरी पुरंदरे. मला एकच नाव सांगायचं असेल तर हेच. यांनी पिकासोचं चरित्र लिहिलंय, 'वेटिंग फॉर गोदो' हे नाटक मराठीत आणलंय, आणि मुलांसाठी 'राधाचं घर' लिहून त्यातली चित्रंही स्वतःच काढलीत. पहिला बिग लिटल बुक अवॉर्ड 2016 मध्ये त्यांनाच मिळाला. राधाच्या आणि यशच्या पुस्तकांत घडत काहीच नाही, म्हणजे खजिना नाही, चोर नाही, परी नाही. घरातली माणसं आहेत आणि एक लहान मूल त्यांच्याकडे बघतंय, बस. पण आई दमलेली असते ते नुसत्या बसण्यातून कळतं. तात्पर्य कुठेही नाही, हे मला सगळ्यात जास्त आवडतं, कारण मराठी बालसाहित्याला तात्पर्याचा फार जुना आजार आहे.

मासिकांत 'वयम्' आहे, अगदी छोट्यांसाठी 'चिकूपिकू' आहे, 'साधना' साप्ताहिकाचा बालकुमार दिवाळी अंक दरवर्षी येतो. मोठ्यांचे दिवाळी अंक हल्ली जाहिरातीतून लेख शोधायला लावतात, त्यापेक्षा हा घ्या.

अनुवाद चालत असतील तर नॅशनल बुक ट्रस्टचं मराठी 'तोत्तोचान'. रेल्वेच्या डब्यात भरणारी शाळा. गंमत म्हणजे तेत्सुको कुरोयानागींचं हे लिखाण जपानमध्ये आधी तरुण बायकांच्या मासिकात क्रमशः आलं होतं, मग 1981 मध्ये पुस्तक झालं. म्हणजे जे आपण मुलांचं म्हणून घेतो ते मुळात मोठ्यांसाठी लिहिलेलं. शिक्षक लोक तर ते एकमेकांना वाढदिवसाला देतात.

प्र. चित्रांचं पुस्तक पाच मिनिटांत संपतं. दीडशे रुपये वाया नाही का?

पाच मिनिटांत संपलं म्हणजे तुम्ही फक्त अक्षरं वाचलीत. परत उघडा आणि अक्षरांवर हात ठेवा. चित्रात मागे कोण आहे बघा, भिंतीवर काय टांगलंय, मांजर कुठल्या पानावर पहिल्यांदा आलं आणि कधी गेलं. चांगल्या पुस्तकात चित्र आणि मजकूर एकच गोष्ट सांगत नाहीत, मजकूर म्हणतो बंड्या शहाण्यासारखा झोपला आणि चित्रात पांघरुणाखालून बॅटरीचा उजेड येतोय. मुलांना हे लगेच दिसतं कारण त्यांना वाचता येत नसतं, आपण वाचायला शिकलो आणि बघायचं सोडलं.

आणि दीडशे रुपयांत हल्ली दोन कॉफ्या पण येत नाहीत, जाऊ दे.

प्र. मला मूल नाही. दुकानात विचारतात, किती वर्षांच्या मुलासाठी हवंय?

माझ्या एका मित्राचं उत्तर घ्या. तो काउंटरवर म्हणाला, चव्वेचाळीस वर्षांचा आहे, स्वतःच आलाय. काउंटरवरचे काका हसले नाहीत, शांतपणे म्हणाले मग वरच्या कप्प्यातलं दाखवतो, खालची पुस्तकं मुलं चावतात. तेव्हापासून तो दुसऱ्या दुकानात जात नाही.

ज्यांना मूल हवं असून झालं नाही त्यांना हा प्रश्न काउंटरवर किती लागतो हे दुकानदारांनी जरा लक्षात घ्यावं. कोणासाठी हवंय एवढं विचारलं तरी पुरतं, खरं तर काय हवंय एवढंच पुरे.

प्र. इंग्लिश मीडियममध्ये शिकलो. मराठी बोलतो नीट पण वाचायला वेळ लागतो. मुलांची पुस्तकं वाचली तर चालेल का?

तुमच्यासाठी तर हा राजमार्ग आहे! लोक काय करतात, मराठी सुधारायची म्हणून एकदम सातशे पानांची ऐतिहासिक कादंबरी आणतात, चाळीस पानांवर बुकमार्क अडकतो आणि आयुष्यभर मला मराठी जमत नाही असं सांगत फिरतात. त्यापेक्षा प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर साइटवर जा, मराठी भाषा निवडा, गोष्टी पायऱ्यांप्रमाणे लावलेल्या आहेत, पहिल्या पायरीला पानाला एखादं वाक्य. फुकट आहे. तिथून किशोर, तिथून फास्टर फेणे. जोडाक्षरं अडली तर मोठ्यानं वाचा, कानाला मराठी येतच असतं, डोळा मागून येतो.

न्यू जर्सी, लंडन, सिंगापूरवाले पण हेच विचारतात, मुलांना मराठी शाळेत रविवारी सोडतात आणि स्वतः बाहेर गाडीत बसतात. आत जाऊन त्यांच्याबरोबर वाचा की. कोणाला जास्त येतंय याची पैज लावली तर पोरं आठवड्यात पुढे जातात.

प्र. हॅरी पॉटर मराठीत वाचण्यात अर्थ आहे का?

एकदा वाचून बघा. 'हॅरी पॉटर आणि परीस', मंजुल प्रकाशनाचं. इंग्लिश पाठ असेल तर गंमत म्हणून, नसेल तर गोष्ट म्हणून.

प्र. कॉमिक्स धरायची का यात?

धरायची. इंद्रजाल कॉमिक्स 1964 ते 1990 चालली, मराठीतही यायची, वेताळ (विक्रमाचा नव्हे, इंग्लिशमधला फँटम) आणि जादूगार मँड्रेक. आता ती जमवणारे सगळे पन्नाशीपुढचे आहेत आणि एकमेकांशी शाळकरी पोरांसारखी अदलाबदल करतात. 'चिंटू' 1991 पासून 'सकाळ' या पेपरात यायला लागला तेव्हा घरात पेपरवर पहिला हक्क कोणाचा यावरून भांडणं व्हायची, आमच्याकडे आजोबा जिंकायचे.

फक्त एक. प्लास्टिकच्या पिशवीत घालून भाव वाढायची वाट बघत ठेवणारे जे आहेत त्यांना मी वाचक म्हणत नाही, त्यांनी सोनं घ्यावं.

प्र. म्हाताऱ्या आईवडिलांना वाचायला मुलांची पुस्तकं द्यावीत का? त्यांना अपमान वाटेल का?

द्यायची कशी यावर आहे. तुम्हाला आता एवढंच झेपेल अशा सुरात दिलं तर वाटणारच. माझ्या सासऱ्यांना मोतीबिंदूनंतर बारीक अक्षर दिसेना, पेपर बंद झाला, चिडचिड वाढली. मी काही बोलले नाही, जुन्या किशोरमधल्या गोष्टी टॅबवर मोठ्या करून स्वतःच मोठ्यानं वाचत बसायची. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, तो शब्द तू चुकीचा वाचलास. मग टॅब त्यांच्याकडे गेला तो गेलाच. आता मला मिळत नाही.

गोष्टी छोट्या असतात, एका दमात संपतात, कालचं काय झालं ते आठवायला लागत नाही. विसरभोळेपण सुरू झालेल्या माणसाला हे फार सोयीचं पडतं. कविता तर पाठ असलेल्या निघतात, विंदांची एक ओळ आपण म्हणायची, पुढची ते म्हणतात.

प्र. लायब्ररीत बालविभागातून मोठ्यांना पुस्तक देतात का?

बहुतेक ठिकाणी देतात, काही ठिकाणी मुलाच्या नावानं कार्ड काढा म्हणतात. बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांत बालविभाग असतो, विचारा. आणि पाचगणीजवळ भिलारला जाऊन या, मे 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे, सुरुवातीलाच पंचवीस ठिकाणी पुस्तकं ठेवली, प्रत्येक घराला एक विषय, त्यात बालसाहित्याचंही घर आहे. तिथे कोणी वय विचारत नाही. स्ट्रॉबेरीच्या सीझनला जाऊ नका, गर्दी असते.

प्र. माझ्या मुलाला माझी आवडती पुस्तकं अजिबात आवडत नाहीत.

मग तुम्ही वाचा! त्याला त्याची वाचू द्या. आम्ही तुझ्या वयाचे असताना हे वाक्य सुरू केलंत की ते पुस्तक कायमचं बाद झालं समजा.

प्र. नवरा म्हणतो, आता तरी मोठी हो.

आमचाही म्हणायचा. आता बाथरूममध्ये चिंटू घेऊन जातो आणि अर्धा तास बाहेर येत नाही.

प्र. तुमच्याकडची पुस्तकं वाचायला मिळतील का?

घरी या, चहा देईन, बसून हवं तेवढं वाचा, मुलांना आणा, मुलांशिवाय या. पण घेऊन जाता येणार नाही. मुलं नेतात ती परत आणतात, मोठी माणसं आणत नाहीत. 'प्रतापगडावर' कोणाकडे आहे ते मला माहीत आहे, हे वाचत असाल तर रविवारी संध्याकाळी मी घरीच आहे.